टॉवर की ऑल-इन-वन? संगणक घेताना चौथ्या वर्षाचा विचार करा

घरात संगणक घ्यायचं ठरलं की लगेच दोन पक्ष पडतात. एका पक्षाला हवा असतो ऑल-इन-वन. स्क्रीनच्या मागेच सगळा संगणक, टेबलावर एकच वस्तू, मागे एकच वायर आणि बैठकीच्या खोलीत ठेवला तरी शोभून दिसणारा. दुसरा पक्ष म्हणतो, ‘वेगळा सीपीयू घ्या. उद्या काही बिघडलं तर दुरुस्त होईल, कमी पडलं तर वाढवता येईल.’ दोघांचंही म्हणणं खरं असतं. त्यामुळे वाद मिटत नाही आणि शेवटी ज्यावर ऑफर असेल तो संगणक घरी येतो.

हा खर्च लहान नाही. मोबाइल आपण दोन-तीन वर्षांनी बदलतो, पण घरातला डेस्कटॉप मुलाच्या सहावीत घेतला तर बारावीपर्यंत चालावा अशी आपली अपेक्षा असते. म्हणून दुकानात तो कसा दिसतो यापेक्षा चौथ्या वर्षी, वॉरंटी संपल्यावर, त्याचं काय होईल हे आधी पाहायला हवं. तो विचार केला तर तुमच्या घराचं उत्तर बहुतेक वेळा आपोआप सापडतं.

फरक नेमका कुठे आहे?

टॉवर म्हणजे पत्र्याचं उभं कॅबिनेट. त्यात मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी, पंखा आणि वीजपुरवठा करणारा एसएमपीएस असे सगळे भाग वेगवेगळे बसवलेले असतात. मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस बाहेरून जोडायचे. आयबीएमने १९८१ मध्ये आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला तेव्हा त्यात जास्तीची कार्डं बसवण्यासाठी खाचा ठेवल्या होत्या. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचं माप ठरवून दिलं. मदरबोर्डचे स्क्रू कुठे येणार, एसएमपीएस कुठे बसणार हे त्यामुळे ठरून गेलं. म्हणूनच आज एका कंपनीचं कॅबिनेट, दुसरीचा मदरबोर्ड आणि तिसरीचा एसएमपीएस एकत्र नांदू शकतात. आपल्याकडचा असेंबल्ड संगणकाचा सगळा बाजार याच मापावर उभा आहे.

ऑल-इन-वनची कल्पनाही नवी नाही. ॲपलच्या १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशमध्ये स्क्रीन आणि संगणक एकाच डब्यात होते. १९९८ च्या रंगीत आयमॅकने हा प्रकार जगभर लोकप्रिय केला. आजच्या बहुतेक घरगुती ऑल-इन-वनमध्ये लॅपटॉपचेच भाग मोठ्या स्क्रीनच्या पाठीमागे सपाट मांडलेले असतात. वीज कमी लागते, उष्णता कमी होते आणि आवाजही फारसा येत नाही. लॅपटॉपच्या मर्यादाही मग सोबत येतात.

या रचनेतून एक मोठा फरक पडतो. टॉवरमधले भाग वेगवेगळ्या वयाचे असू शकतात. मॉनिटर आठ वर्षांचा, एसएसडी दोन वर्षांची, एसएमपीएस गेल्या महिन्यातला, आणि तरी संगणक सुरळीत चालू. ऑल-इन-वन मात्र सगळा एकदमच म्हातारा होतो.

याचं ताजं उदाहरण विंडोज १० चं आहे. मायक्रोसॉफ्टने त्याचा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही ठरावीक पिढीनंतरचा लागतो. इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठवी पिढी आणि त्यापुढचा. ज्यांच्याकडे २०१५-१६ चा टॉवर होता, त्यांना मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एवढंच बदलून, कॅबिनेट आणि मॉनिटर तेच ठेवून पुढे जाण्याची वाट होती. त्याच वर्षांतल्या ऑल-इन-वनची स्क्रीन अजून उत्तम असली, तरी आतला प्रोसेसर बदलण्याची सोय नसल्यामुळे तिच्यासाठी ही वाट बंद. अशा यंत्रावर लिनक्स टाकून वापरता येतं, पण तुमचं बँकेचं, शाळेचं किंवा हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का, हे आधी पाहावं लागतं.

‘पुढे वाढवता येईल’ म्हणजे काय?

दुकानदार हे वाक्य सहज बोलून जातो. तुम्ही मात्र विचारा, ‘काय काय वाढवता येईल?’ घरगुती वापरात खरा फरक पडतो तो चार गोष्टींनी: रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर.

चांगल्या टॉवरमध्ये या चारही गोष्टी बदलता येतात. रॅमसाठी दोन किंवा चार खाचा असतात. सुरुवातीला ८ जीबीची एक पट्टी लावून नंतर दुसरी टाकता येते. एसएसडी भरली तर आणखी एक जोडता येते. मुलगी पुढे आर्किटेक्चरला गेली किंवा मुलाला व्हिडिओ एडिटिंगची गोडी लागली, तर ग्राफिक्स कार्ड बसवता येतं.

ऑल-इन-वनमध्ये प्रोसेसर बहुतेक वेळा मदरबोर्डवर कायमचा डकवलेला असतो. ग्राफिक्स कार्ड नंतर बसवण्यासाठी जागाच नसते. एसएसडी बऱ्याच मॉडेलमध्ये बदलता येते, पण त्यासाठी मागची बाजू उघडावी लागते आणि काही यंत्रांत तर स्क्रीन काढावी लागते. रॅमचं मॉडेलगणिक वेगळं असतं. काहींमध्ये लॅपटॉपची लहान पट्टी बसते, तर काहींमध्ये रॅमही डकवलेली असते. ॲपलच्या सध्याच्या २४ इंची आयमॅकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही. घेताना जी निवडाल तीच शेवटपर्यंत.

नव्या ऑल-इन-वनसाठी म्हणून एक साधा नियम ठेवा. रॅम वाढवता येत नसेल तर सुरुवातीलाच १६ जीबी घ्या. विंडोज ११ साठी कागदोपत्री ४ जीबी पुरते, पण ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब, सोबत ऑनलाइन वर्ग आणि मागे अँटीव्हायरस चालू असला की ८ जीबीसुद्धा तोकडी पडते. ‘रॅम काय, दोन वर्षांनी स्वस्त होईल’ या भरवशावर टॉवर घेणाऱ्यांनीही थोडं सावध राहावं. २०२५ च्या अखेरीस जगभर रॅमच्या किमती वेगाने चढल्या, कारण एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरीची मागणी प्रचंड वाढली. टॉवरमध्ये रॅम नंतर टाकता येते हे खरं, पण ती स्वस्तच मिळेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

आणखी एक सावधगिरी. सगळे टॉवर सारखे वाढवता येत नाहीत. नामांकित कंपन्यांचे काही आटोपशीर टॉवर बाहेरून टॉवरसारखे दिसतात, पण आत एसएमपीएस खास त्यांच्याच मापाचा, कमी वॅटचा असतो आणि मदरबोर्डही वेगळ्या आकाराचा. अशा डब्यात मोठं ग्राफिक्स कार्ड बसत नाही आणि बाजारातला साधा एसएमपीएसही लागत नाही. वाढवता येण्यासाठीच टॉवर घेत असाल तर ‘मदरबोर्ड आणि एसएमपीएस एटीएक्स किंवा मायक्रो-एटीएक्स मापाचे आहेत का?’ हा प्रश्न विचाराच.

आणि एक प्रश्न स्वतःलाही विचारा. आपल्या घरात आजवर किती वेळा संगणक उघडून काही वाढवलं? बऱ्याच घरांत टॉवरचं झाकण सहा वर्षांत एकदाही उघडत नाही. ज्यांचं काम ईमेल, वीजबिल, रेल्वेचं तिकीट, सिनेमे आणि नातवंडांशी व्हिडिओ कॉल एवढंच आहे, त्यांनी न वापरायच्या सोयीसाठी टेबलाखालची जागा का अडवावी?

बिघडला तर कुठे न्याल?

घरच्या डेस्कटॉपमध्ये वरचेवर दगा देणारा भाग म्हणजे एसएमपीएस. विजेचा दाब सतत कमी-जास्त होणाऱ्या भागात तर तो हमखास जातो. टॉवर असेल तर तालुक्याच्या ठिकाणचा संगणक दुरुस्तीवालाही तो अर्ध्या तासात बदलून देतो. मुंबईतला लॅमिंग्टन रोड, दिल्लीतलं नेहरू प्लेस, बेंगळुरूचा एसपी रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, कोलकात्याचं चांदनी मार्केट अशा बाजारांत तर आठ-दहा वर्षं जुन्या टॉवरलाही चालणारे भाग मिळतात. मॉनिटर बिघडला तर तोपर्यंत एचडीएमआय केबलने टीव्ही जोडून काम चालू ठेवता येतं.

ऑल-इन-वनचा एसएमपीएस बऱ्याचदा बाहेर, लॅपटॉपच्या चार्जरसारखा असतो. तो गेला तर त्याच जातीचा नवा अडॅप्टर आणला की झालं. पण मदरबोर्ड किंवा स्क्रीन बिघडली की अख्खं यंत्र उचलून सर्व्हिस सेंटरला न्यावं लागतं. सुटे भाग त्या मॉडेलपुरतेच असतात. मॉडेल बंद होऊन तीन-चार वर्षं झाली की भाग मिळणं कठीण होतं आणि मिळाला तरी ‘यापेक्षा नवाच घ्या’ असा सल्ला ऐकावा लागतो. स्क्रीनची किंमत ऐकून तो सल्ला पटतोही.

म्हणून ऑल-इन-वन घेण्याआधी एक काम करा. त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर तुमच्या शहरात आहे का, आणि ते प्रत्यक्ष दुरुस्ती करतं की नुसतं यंत्र गोळा करून दुसऱ्या शहरात पाठवतं, हे फोन करून विचारा. इंदूर, बडोदा, हैदराबाद अशा शहरांत प्रश्न येत नाही. लहान गावात मात्र हाच मुद्दा निर्णायक ठरतो. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं आहे. दुरुस्ती, सुटे भाग आणि वॉरंटी यांची कंपन्यांनी दिलेली माहिती तिथे एकत्र ठेवलेली असते. खरेदीपूर्वी ते एकदा चाळून पाहायला हरकत नाही.

वॉरंटीचा हिशेबही वेगळा आहे. कंपनीच्या ऑल-इन-वनवर साधारणपणे एक वर्षाची वॉरंटी मिळते आणि जास्त पैसे भरून ती वाढवता येते. बदल्यात सगळ्यासाठी एकच फोन नंबर असतो आणि बहुधा माणूस घरी येतो. असेंबल्ड टॉवरमध्ये प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी. प्रोसेसर आणि मदरबोर्डवर बहुधा तीन वर्षं, चांगल्या एसएमपीएसवर किंवा एसएसडीवर कधी पाच वर्षंही. पण नेमका कोणता भाग बिघडला हे ठरवून तो त्या-त्या कंपनीकडे नेण्याची धावपळ तुमची किंवा दुकानदाराची. घरात हे बघणारं कुणी नसेल आणि दुकानदार ओळखीचा नसेल, तर तीन वर्षांची वॉरंटी कागदावरच राहते.

वीज, धूळ आणि पावसाळा

ऑल-इन-वन वीज कमी खातो हे खरं, पण किती? समजा टॉवर आणि मॉनिटर मिळून १०० वॅट घेतात आणि ऑल-इन-वन ५० वॅट. रोज चार तास वापर धरला तर दिवसाला २०० वॅट-तास वाचतात, म्हणजे महिन्याला ६ युनिट. ८ रुपये युनिट धरलं तर महिन्याला ४८ रुपये, वर्षाला साधारण पावणेसहाशे. वाईट नाही, पण एवढ्यासाठी निर्णय बदलावा इतकंही नाही.

वीज जाण्याचा मुद्दा मात्र मोठा आहे. दोन्ही प्रकारांत लॅपटॉपसारखी बॅटरी नसते. वीज गेली की संगणक त्या क्षणी बंद, आणि न साठवलेलं काम गेलं. म्हणून यूपीएसचा खर्च दोन्हीकडे धरायचा. घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. टॉवर आणि मॉनिटर १०० वॅट घेत असतील तर फाइल साठवून व्यवस्थित बंद करण्याइतकी मिनिटं मिळतात. निम्मी वीज लागणारा ऑल-इन-वन त्याच बॅटरीवर दुपटीहून जास्त वेळ टिकतो. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे यूपीएस मोडचं बटण आहे का पाहा. त्या मोडवर वीज बदलताना लागणारा क्षण इतका लहान होतो की संगणक बहुधा बंद पडत नाही. टॉवर चालवायचा असेल तर साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरपेक्षा प्युअर साइन वेव्हचा इन्व्हर्टर बरा.

टॉवर लावण्याआधी सॉकेटचं अर्थिंगही वायरमनकडून तपासून घ्या. अर्थिंग नसलेल्या जुन्या घरांत पत्र्याच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. ते दुर्लक्ष करण्याजोगं नाही. माणसालाही धोका आणि मदरबोर्डलाही.

धुळीचं म्हणाल तर टॉवरमध्ये ती जास्त शिरते, पण काढताही येते. सहा महिन्यांतून एकदा प्लग काढून, झाकण उघडून, ब्लोअर मारला की झालं. रस्त्यालगतच्या घरात आतल्या पंख्यांवर धुळीचा जाड थर बसतो आणि मग संगणक तापून मंद होतो. ऑल-इन-वनच्या झडपा लहान असतात. बाहेरून व्हॅक्यूम किंवा मऊ ब्रश फिरवता येतो, पण आतली सफाई तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी लागते. कोकणात, गोव्यात आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेत कोणताही संगणक महिनोन्‌महिने बंद ठेवू नका. पावसाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा तासभर चालवला की आतला ओलावा जातो. टॉवर थेट फरशीवर ठेवू नका. फरशी पुसताना पाणी जातं, मुंग्या आणि पाली आत शिरतात, आणि रांगतं मूल असेल तर चालू-बंदचं बटण नेमकं त्याच्या हाताच्या उंचीवर येतं. चार-सहा इंच उंच पाट किंवा चाकांचा स्टँड पुरतो. मागच्या मोकळ्या खाचांवर पट्ट्या लावल्या आहेत ना, तेही बघा.

मान आणि डोळ्यांचा विचार

एकाच संगणकावर सातवीतलं मूल, आई-बाबा आणि आजोबा बसणार असतील तर स्क्रीनची उंची महत्त्वाची. स्क्रीनची वरची कड साधारण डोळ्यांच्या रेषेत आणि अंतर हातभर असावं. स्वस्त ऑल-इन-वनची स्क्रीन मागे-पुढे झुकते, पण वर-खाली होत नाही. खाली लाकडी ठोकळा ठेवून उंची वाढवता येते, कमी करता येत नाही. वेगळा मॉनिटर घेताना उंची बदलणारा स्टँड निवडता येतो किंवा भिंतीवर, हातावर लावता येतो. त्यासाठी मॉनिटरच्या मागे वेसा मापाची चार स्क्रूंची जागा आहे ना, एवढं पाहायचं.

दुसरीकडे, ऑल-इन-वनमध्ये कॅमेरा, माइक आणि स्पीकर आधीच असतात. बटण दाबलं की परदेशातल्या मुलीशी बोलता येतं. आजी-आजोबांसाठी ही सोय फार मोठी आहे. कोणती वायर कुठे निसटली, आवाज कुठल्या स्पीकरमधून येतो, हे फोनवरून समजावण्याचा त्रास वाचतो.

किंमत नव्हे, पूर्ण बिल मांडा

टॉवरची जाहिरातीतली किंमत आणि ऑल-इन-वनची किंमत यांची तुलना करणं म्हणजे नुसत्या जागेची आणि बांधलेल्या घराची तुलना करण्यासारखं आहे. टॉवरच्या किमतीत मॉनिटर, कीबोर्ड, माउस, कॅमेरा, स्पीकर, वाय-फाय हे सगळं धरलंय का? डेस्कटॉपच्या बऱ्याच स्वस्त मदरबोर्डवर वाय-फाय नसतं. घरी संगणक लावल्यावर ते लक्षात येतं आणि मग वेगळा डोंगल आणावा लागतो.

दुसरा मुद्दा विंडोजच्या परवान्याचा. कंपनीच्या संगणकात तो बहुधा किमतीतच असतो. असेंबल्ड संगणकात ‘विंडोज टाकून देतो’ असं म्हणणाऱ्याला परवाना बिलात दाखवायला सांगा. चोरीची प्रत घरातल्या बँकेच्या व्यवहारांसाठी सुरक्षित नाही. परवान्याचे पैसे धरले की असेंबल्ड संगणक तितकासा स्वस्त राहत नाही, हेही कळतं.

एका कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे टॉवर, उजवीकडे ऑल-इन-वन. खाली यंत्र, मॉनिटर, बाकीच्या वस्तू, विंडोज, यूपीएस आणि वाढीव वॉरंटी लिहा. शेवटची ओळ चौथ्या वर्षाची: त्या वर्षी रॅम, एसएसडी किंवा एसएमपीएस बदलावा लागला तर काय? डाव्या रकान्यात तो एका सुट्या भागाचा खर्च असेल. उजव्या रकान्यात तो कदाचित काहीच नसेल किंवा कदाचित नव्या यंत्राइतका असेल. ही अनिश्चितता तुम्हाला परवडते का, याचं उत्तर तुमच्याच घरात आहे.

कोणत्या घरी काय?

शाळकरी मुलं आणि पुढची दहा वर्षं: टॉवर. मुलांच्या गरजा नेमक्या कुठे वळतील हे आज सांगता येत नाही. आज अभ्यास आणि टायपिंग, उद्या कोडिंग, परवा थ्रीडी ड्रॉइंग. आज साधा टॉवर घ्या, पण मदरबोर्ड आणि एसएमपीएसमध्ये कंजुषी करू नका. वाढीची जागा तिथेच असते.

फक्त ज्येष्ठ मंडळी असलेलं घर: ऑल-इन-वन. २४ किंवा २७ इंचांची स्क्रीन, अक्षरं मोठी केलेली, एकच वायर, आणि वाढीव वॉरंटी नक्की. मुलं दुसऱ्या शहरात असतील तर सर्व्हिससाठी घरी माणूस येणं हीच खरी किंमत.

घरून व्यवसाय: कर सल्ला, शिलाईचे डिझाइन, क्लासचे व्हिडिओ, ऑनलाइन दुकान असं काही करत असाल तर यंत्र एक दिवस बंद राहिलं तरी नुकसान होतं. दुरुस्ती अर्ध्या तासात व्हावी म्हणून टॉवर.

बदलीची नोकरी: दर तीन वर्षांनी ट्रकमध्ये सामान चढवावं लागत असेल तर ऑल-इन-वनचं एक खोकं बरं. मूळ खोकं आणि थर्माकोल मात्र जपून ठेवा. स्क्रीनला तडा गेला तर सगळंच गेलं.

एका खोलीचं घर: इथे जागेची किंमत संगणकाच्या किमतीहून मोठी. ऑल-इन-वन घ्या, किंवा खालचा तिसरा रस्ता पाहा.

तिसरा रस्ताही आहे

वेगळा मॉनिटर आणि मिनी पीसी. जाडजूड पुस्तकाएवढा डबा मॉनिटरच्या मागे स्क्रूने बसतो. टेबल ऑल-इन-वनसारखंच मोकळं राहतं, आणि तो डबा जुना झाला तर तेवढाच बदलायचा. मॉनिटर पुढची कित्येक वर्षं तोच. बऱ्याच मिनी पीसींमध्ये रॅम आणि एसएसडी बदलता येते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स मात्र बदलता येत नाहीत. कॉलेजला जाणाऱ्या मुलांसाठी लॅपटॉप आणि घरी मोठा मॉनिटर ही जोडीही उत्तम.

आणि खरेदीच्या आधी घरातला जुना संगणक एकदा तपासा. त्यात अजून फिरती हार्ड डिस्क असेल आणि म्हणून तो मंद झाला असेल, तर एसएसडी बसवून आणि रॅम वाढवून तो दोन-तीन वर्षं आणखी चालू शकतो. मात्र तो विंडोज ११ घेऊ शकतो का, हे आधी पाहा.

दुकानात हे विचारा

ऑल-इन-वन असेल तर:
- रॅम डकवलेली आहे की खाचेत? कमाल किती वाढवता येते?
- एसएसडी बदलायला स्क्रीन काढावी लागते का? ती बदलल्यास वॉरंटी राहते का?
- एचडीएमआय बाहेर जाणारं आहे की आत येणारंही? आत येणारं असेल तर संगणक जुना झाल्यावर स्क्रीन मॉनिटर म्हणून वापरता येते. बहुतेकांत ही सोय नसते. असली तर मोठा फायदा.
- सर्व्हिस माझ्या पिनकोडवर घरी मिळते का?

टॉवर असेल तर:
- रॅमच्या किती खाचा रिकाम्या आहेत?
- एसएमपीएस किती वॅटचा आणि कोणत्या कंपनीचा? बिलात लिहाल का?
- वाय-फाय मदरबोर्डवर आहे का?
- प्रत्येक भागाचा अनुक्रमांक जीएसटी बिलावर आहे का? वॉरंटी मागताना तोच लागतो.

बिलाचा फोटो काढून मोबाइलमध्येही ठेवा. थर्मल कागदावरची शाई वर्षभरात उडून जाते.

जुना संगणक भंगारात देऊ नका

नवा आला की जुना गच्चीवर जातो किंवा भंगारवाल्याकडे. तारा जाळून तांबं काढणाऱ्यांच्या हाती तो पडला तर त्या धुराचं विष आपल्याच वस्तीत राहतं. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यानुसार वापरून टाकून दिलेल्या उपकरणांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर जुनी यंत्रं परत घेण्याची माहिती असते. एक्स्चेंजमध्ये देत असाल किंवा पुनर्वापर केंद्राला, आधी फोटो, कागदपत्रं आणि पासवर्ड दुसरीकडे उतरवून एसएसडी किंवा हार्ड डिस्क पूर्ण पुसून द्या. यंत्र सुरूच होत नसेल तर डिस्क काढून स्वतःकडे ठेवा. टॉवरमध्ये हे पाच मिनिटांचं काम आहे, ऑल-इन-वनमध्ये तंत्रज्ञाला विचारावं लागेल.

ई-कचऱ्याच्या नजरेनंही टॉवरचं पारडं थोडं जड आहे. एक भाग गेला की तेवढाच कचरा होतो. ऑल-इन-वनमध्ये लहानशा बिघाडापायी चांगली स्क्रीनही कचऱ्यात जाऊ शकते.

आता निर्णय तुमचा. घरात कुणाला स्क्रूड्रायव्हर धरता येत असेल, किंवा जवळच भरवशाचा दुरुस्तीवाला असेल, आणि संगणक सहा-सात वर्षांहून जास्त चालवायचा असेल, तर टॉवर घ्या. कमी जागा, कमी वायरी आणि एकाच फोनवर मिळणारी सेवा ही तुमची गरज असेल, तर पुरेशी रॅम आणि लांब वॉरंटी घेऊन ऑल-इन-वन घ्या. वाढीव वॉरंटीचे पैसे मात्र पहिल्या दिवशीच्या बजेटमध्ये धरा. दुकानात उभं राहून घासाघीस करताना नेमकी तीच ओळ आपण खोडतो, आणि वॉरंटी संपल्यानंतरच्या पहिल्याच बिघाडात तिची आठवण होते.